एक चावी हरवली, एक उरली: नवी चावी करून घेताना गाडीत नक्की काय होतं

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. घरची २०१६ ची ह्युंदाई आय-ट्वेंटी, फोल्डिंग चावीची, चावी फिरवून चालू होणारी. लग्नाच्या गडबडीत एक चावी हरवली, एक शिल्लक आहे. शोरूमने सांगितलेली रक्कम जास्त वाटते, रावपुऱ्यातला एक चावीवाला निम्म्यात करतो म्हणतो, आणि ऑनलाइन हुबेहूब तसाच रिमोट अगदी स्वस्तात दिसतोय. तो मागवून कुणाकडून प्रोग्राम करून घेतला तर चालेल का, आणि हरवलेली चावी कुणाला सापडली तर गाडी चोरीला जाईल का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी बडोद्यात गाड्यांच्या चाव्यांचंच काम करतो. चावी शोरूमबाहेर करून घ्यायला माझी हरकत नाही, करणारा माहितीतला असला की झालं. पण नवी चावी मिळणं हा तुमच्या कामाचा अर्धाच भाग आहे. हरवलेल्या चावीची नोंद गाडीतून काढून टाकणं हा दुसरा अर्धा, आणि तो जास्त महत्त्वाचा. तुमच्या गाडीत ही दोन्ही कामं एकाच बैठकीत होतात. उरलेली चावी हातात आहे तोवर, याच आठवड्यात करून घ्या.

तुमच्या हातातल्या त्या एका चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्या, म्हणजे कोण काय विकतोय ते कळेल. पहिली म्हणजे लोखंडी पातं. ते दार उघडतं आणि स्टिअरिंगचं कुलूप फिरवतं, बस. दुसरी गोष्ट रिमोट: बटण, सर्किट आणि सेल. तो दारं लॉक-अनलॉक करतो, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. तिसरी चिप. ती बहुतेकांना माहीतच नसते, कारण तिला बटण नाही, दिवा नाही, सेलही लागत नाही. चावी लावतो त्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं, त्याच लहरींवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. गाडी चिपला एक आकडा देते, चिप आपल्या गुप्त किल्लीने, म्हणजे आत साठवलेल्या गुप्त आकड्याने, त्याचं उत्तर काढते, गाडी ते उत्तर पडताळते. जुळलं तर इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी मिळते. नाही जुळलं तर गाडी चालूच होत नाही, किंवा सेकंद-दोन सेकंद चालून बंद पडते, आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. आपल्याकडे मारुती त्यालाच आय-कॅट्स म्हणते.

म्हणून रिमोटचा सेल संपला तरी तुमची गाडी चालू होते. आणि म्हणूनच नुसतं पातं कापून घेतलं तर दार उघडेल, पण गाडी जागची हलणार नाही. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत ज्यांचं नाव आहे त्यांनाच आत सोडतात, तशी गाडीच्या मेमरीत चिपांची यादी असते. नवी चावी प्रोग्राम करणं म्हणजे त्या यादीत नाव घालणं. तुम्ही पैसे देता ते मुख्यतः त्या नोंदीचे.

आता तो ऑनलाइन रिमोट. फोटोत सगळे सारखे दिसतात. पहिली शक्यता, ते नुसतं कव्हर असेल, ज्याला आम्ही शेल म्हणतो. वर्णनात ‘की शेल’ किंवा ‘केस’ असं लिहिलेलं असतं आणि घेणारा ते वाचत नाही. दुसरी शक्यता, सर्किट आहे पण फ्रिक्वेन्सी वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. अमेरिका आणि जपानसाठी बनवलेले बरेच ३१५ वर. ३१५ चा रिमोट आपल्या गाडीला ऐकूच जात नाही, कितीही चांगला प्रोग्रामर असला तरी. तिसरी शक्यता, रिमोट बरोबर आहे पण आत चिप नाही, किंवा दुसऱ्या जातीची आहे. चिपांच्या जाती अनेक आहेत, आमच्या भाषेत सेहेचाळीस, सत्तेचाळीस, फोर-डी वगैरे. एकीची दुसरीला ओळख पटत नाही. आणि एकाच मॉडेलच्या गाडीत वर्ष बदललं की चिप बदललेली असू शकते. भंगारातला किंवा कुणाचा जुना रिमोट तर घेऊच नका. अनेक चाव्या एकदा एका गाडीला शिकवल्या की कायमच्या लॉक होतात, विशेषतः बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांच्या स्मार्ट चाव्या. त्यातल्या काही खास यंत्राने मोकळ्या करता येतात, सगळ्या नाही.

तेव्हा माल स्वतः मागवू नका. जो प्रोग्राम करणार आहे त्यालाच चावी आणायला सांगा, म्हणजे नाही चालली तर जबाबदारी त्याची. आम्ही आधी गाडीत असलेली चालू चावी यंत्रावर ठेवून चिपची जात आणि रिमोटची फ्रिक्वेन्सी वाचतो. दोन मिनिटांचं काम आहे. जो हे न करता ‘आहे आपल्याकडे, होऊन जाईल’ म्हणतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये असं माझं मत आहे.

शेलवरून एक सांगायलाच हवं, कारण माझ्याकडे येणाऱ्या ‘चावी बिघडली’ तक्रारींपैकी पुष्कळ याच असतात. फोल्डिंग चावीचं बिजागर सैल होतं, रबराची बटणं फाटतात. मग माणूस रस्त्याकडेच्या दुकानात नवं कव्हर बसवून घेतो. पातं बदललं, सर्किट बदललं, आणि चिप जुन्या कव्हरात चिकटलेली राहिली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी वडी किंवा काचेची नळी असते ती, कोपऱ्यातल्या खाचेत बसवलेली. दुकानदार जुनं कव्हर कचऱ्यात टाकतो. मालक घरी येतो, रिमोटने दार उघडतं, गाडी मात्र चालू होत नाही. मग बॅटरी बदलली जाते, स्टार्टर उघडला जातो. शेल बदलायचं असेल तर स्वतःच्या डोळ्यांदेखत बदलून घ्या, जुनं कव्हर परत मागून घ्या आणि दुकानासमोरच गाडी चालू करून पाहा. चिप सर्किटवरच डकवलेली असेल तर हा धोका नाही, पण ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक: दोन्ही चाव्या एकाच रिंगमध्ये ठेवू नका. एका कड्याजवळ दोन चिपा आल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला एकीचंही नीट ऐकू येत नाही. कधी चालू होते, कधी नाही. स्कूटरची चिपवाली चावी त्याच जुडग्यात असली तरी हा त्रास होऊ शकतो.

तुमच्या गाडीत प्रत्यक्ष काम असं होतं. ह्युंदाईच्या इमोबिलायझरला सहा आकडी पिन लागतो. तो गाडीच्या चेसिस नंबरवरून कंपनीकडून मिळतो, आणि चांगल्या यंत्राने बऱ्याच मॉडेलांतून वाचताही येतो. पिन दिला की गाडी शिकण्याच्या अवस्थेत जाते आणि जुनी यादी पुसून नव्याने लिहिते. म्हणून त्या वेळी घरातली प्रत्येक चालू चावी समोर असलीच पाहिजे. जी समोर नसेल ती यादीतून गेली. शोरूमवाले ‘सगळ्या चाव्या आणा’ म्हणतात ते याचसाठी. तुमच्या बाबतीत हे फायद्याचं आहे: उरलेली एक आणि नवी एक, दोन्ही शिकवल्या की हरवलेली आपोआप बाद. पिन तीनदा चुकला तर इमोबिलायझर तासभर कुणाचंच ऐकत नाही. अशा वेळी घाई करणारा माणूस नको, थांबणारा हवा.

पातं कापताना उरलेल्या चावीवरून सरळ नक्कल करू देऊ नका. आठ-दहा वर्षं वापरलेली चावी झिजलेली असते, नकलेत ती झीजही उतरते आणि वर यंत्राची थोडी चूक. नवी चावी मग कुलपात अडकते. गाडी नवी घेतली तेव्हा चाव्यांबरोबर एक छोटा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा बिल्ला आला होता, त्यावर अक्षरं-आकडे होते. तो चावीचा कोड. त्यावरून कंपनीच्या मूळ मापाचं पातं कापता येतं. बिल्ला घरच्या फाइलमध्ये शोधा. नाही सापडला तर चांगला कारागीर झिजलेल्या चावीची खोली मोजून सर्वांत जवळचं मूळ माप काढतो, किंवा दाराच्या कुलपात लिशी नावाचं हत्यार घालून माप वाचतो. त्या बिल्ल्याचा किंवा चावीच्या पात्याचा स्पष्ट फोटो कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. फोटोवरून पातं कापता येतं.

बॅटरीचं काय, हे लोक विचारत नाहीत आणि तिथेच मोठं नुकसान होतं. इग्निशन चालू ठेवून प्रोग्रामिंग करताना व्होल्टेज खाली गेलं आणि लिहिणं अर्धवट राहिलं, तर चाव्यांची यादी ठेवणारं मॉड्यूल, म्हणजे गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा, बंद पडू शकतं. चावीसाठी आलेला माणूस मग कंट्रोल युनिट बदलायच्या खर्चात जातो. गाडी काही आठवडे उभी असेल तर आधी चार्ज करा. काम करणाऱ्याने सपोर्ट चार्जर, म्हणजे काम चालू असताना व्होल्टेज टिकवणारा चार्जर, लावला की नाही ते बघा. आणि सुरुवात करण्यापूर्वी स्कॅनरमध्ये ‘किती चाव्या नोंदलेल्या आहेत’ हा आकडा असेल तर तुम्हाला दाखवायला सांगा, संपल्यावर पुन्हा दाखवायला सांगा. हा आकडा बघायची सवय जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर नक्कीच लावून घ्यावी. विकणाऱ्याने दोन चाव्या दिल्या आणि यादीत तीन निघाल्या, तर तिसरी कुणाकडे आहे?

आता तुमचा दुसरा प्रश्न. नोंद पुसली की हरवलेल्या चावीने इंजिन चालू होणार नाही. पण तिचं पातं तुमच्या दाराला अजून लागतंच, म्हणजे गाडीतलं सामान सुरक्षित झालं असं नाही. रिमोटची नोंद काही गाड्यांत चिपपेक्षा वेगळी असते, तीही नव्याने करायला सांगा, म्हणजे हरवलेल्या बटणाने दार उघडणार नाही. कुलपं बदलायचा खर्च मी प्रत्येकाला सांगत नाही. चावीबरोबर पत्ता लिहिलेली कीचेन, आरसी किंवा पाकीट गेलं असेल, किंवा चावी हरवली नसून घेतली गेली असा संशय असेल, तर मात्र सांगतो.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात, कारण घरात दुसरी गाडीही असतेच. होंडाच्या बऱ्याच मॉडेलांत पिन लागत नाही, योग्य यंत्र असलं की काम लवकर होतं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तरी तिच्या अनेक गाड्यांत दोन चालू चाव्या असतील तर तिसरी मालकाला यंत्राशिवाय शिकवता येते. कृती गाडीच्या पुस्तकात असते. एकच उरली की ती सोय संपते. फोक्सवॅगन आणि स्कोडा सर्वांत कडक. चावी त्या ब्रँडसाठी आधीच कोड केलेली लागते आणि नोंद करताना कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, तेव्हा तिथे मी बहुतेकांना शोरूमकडेच पाठवतो. शेव्हरले तर आपल्या शेजारची. बडोद्याजवळच्या हालोलच्या कारखान्यातून निघालेल्या टवेरा अजून बडोद्याच्या रस्त्यांवर दिसतात. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली. ज्यांच्याकडे शेव्हरलेचं इन्फोकार्ड (गाडीचे कोड लिहिलेलं कार्ड) किंवा पिनचा कागद आहे त्यांनी तो जपून ठेवावा, त्यावाचून काम वाढतं.

बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत गाडी आपल्या अँटेनांतून हळू आवाजात विचारते आणि चावी रेडिओवर उत्तर देते. इथे सेल संपला की लोक घाबरतात. बहुतेक चाव्यांत आत साधी चिपही असते. चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवून दाबा, किंवा पुस्तकात दाखवलेल्या खणात ठेवा, गाडी चालू होते. दार उघडायला चावीच्या पोटात एक पातं लपवलेलं असतं, आणि दाराच्या मुठीवरच्या छोट्या टोपीखाली कुलूप. हे घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा, आईबाबांनाही. सेल बदलताना आकडा बघून घ्या: सीआर २०३२ आणि २०२५ यांचा व्यास सारखाच वीस मिलिमीटर, जाडी वेगळी, ३.२ आणि २.५. पातळ सेल बसतो, पण सैल राहतो आणि चावी कधी चालते, कधी नाही.

दोन्ही चाव्या गेल्या की सगळं बदलतं, आणि मी तुम्हाला आत्ताच करा म्हणतो त्याचं कारण हेच. चालू चावी असताना पातं मोजता येतं, चिप वाचता येते, गाडी स्वतः कारागिराकडे जाते. एकही नसताना आधी दार हत्याराने उघडायचं, कुलपातून पात्याचं माप वाचायचं, आणि काही गाड्यांत मॉड्यूल बाहेर काढून त्यातली मेमरीची चिप वाचायची. ती चिप वाचून पहिली प्रत जपून ठेवल्याशिवाय त्यात काहीही लिहू नये, हा या कामातला पहिला नियम. टोयोटाच्या काही स्मार्ट चावीवाल्या गाड्यांत सगळी यादी रिकामी करायला यंत्र लावून सोळा मिनिटं थांबावं लागतं. जुन्या काही टोयोटांत युनिट काढूनच काम होतं. वेळ वाढतो, जोखीम वाढते, बिल कैक पटींनी वाढतं.

बडोद्यासाठी पुराचा विषय वेगळा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली तेव्हा अकोटा, समा, वडसर, सयाजीगंज इथे गाड्या सीटपर्यंत पाण्यात होत्या. नंतर कित्येकांनी ‘गाडी चावी ओळखत नाही, नवी करून द्या’ म्हणून फोन केले. चावी निर्दोष होती. अनेक गाड्यांत बॉडी कंट्रोल मॉड्यूल डॅशबोर्डखाली, पायाजवळ असतं. पाण्याने त्याच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो आणि चिपचं उत्तर तिथपर्यंत पोहोचतच नाही. अशा गाडीत नव्या चाव्या शिकवू नका. यादी पुसली जाईल आणि नवी लिहिली जाणार नाही, म्हणजे उरलीसुरली चावीही गेली. आधी बॅटरी काढायची, मॉड्यूल सोडवून साफ करायचं, कनेक्टर तपासायचे, मग चावीकडे वळायचं. तुमची गाडी त्या पाण्यात होती का, हे काम सुरू करण्याआधी कारागिराला सांगा. चावी स्वतः पाण्यात पडली असेल तर सेल लगेच काढा, सर्किट वाळवा. चिप सहसा वाचते, कारण ती बंद वडीत असते.

कारागीर निवडताना किमतीआधी एक गोष्ट पाहा: तो तुमच्याकडे कागद मागतो का. आरसी, मालकाचं ओळखपत्र, आणि आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का. मी हे प्रत्येकाकडे मागतो, शेजाऱ्याकडेही. दुसऱ्याची गाडी आणणाऱ्याला मालकाशी बोलणं करून द्यावं लागतं. काही जणांना राग येतो. पण ज्या यंत्राने तुमची चावी होते त्याच यंत्राने चोराचीही होते. जुन्या चिपांची गुप्त किल्ली कशी फोडायची हे संशोधकांनी २००५ मध्ये एका जातीचं आणि २०१२ मध्ये दुसऱ्या जातीचं जाहीर दाखवून दिलंय. गाडीच्या मेमरीइतकीच राखण आता कागद तपासणाऱ्या माणसावर आहे. जो काहीच न विचारता चावी करून देतो, तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही तशीच देईल. पिन कळला तर तो तुम्हाला लिहून द्यायला सांगा आणि त्याच्या वहीत ठेवू देऊ नका.

विम्याचंही बघा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दावा मंजूर करताना गाडीच्या सगळ्या चाव्या मागते. तुमच्याकडे एकच असेल आणि दुसरी हरवल्याचा कागद नसेल, तर प्रश्न उभे राहतात. म्हणून हरवल्याची नोंद पोलिसांकडे करून तिची पावती ठेवा आणि विमा कंपनीला ईमेलने कळवा. पॉलिसीत चावी बदलण्याचं जोड-संरक्षण (अ‍ॅड-ऑन) आहे का तेही वाचा. असेल तर काम करण्याआधी त्यांना विचारा, कारण आधी खर्च करून मग बिल पाठवलं तर ते नाकारू शकतात. नव्या चावीच्या बिलावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि ‘जुनी चावी मेमरीतून काढली’ असं लिहून घ्या. साध्या चिठ्ठीवरचं बिल नको.

रावपुऱ्यातल्या त्या माणसाला फोन करून एवढंच विचारा: पिन कुठून घेणार, चार्जर लावणार का, दोन्ही चाव्या शिकवून यादी दाखवणार का, आणि बिल देणार का. चारही उत्तरं सरळ आली तर त्याच्याकडून करून घ्या, निम्म्या पैशांत चांगलं काम होईल. एखाद्या उत्तरात अडखळला तर शोरूमचे जास्त पैसे द्या. दोन्हीकडे जाताना उरलेली चावी, आरसी आणि तो कोडचा बिल्ला सोबत न्या. काम संपल्यावर दोन्ही चाव्यांनी प्रत्येकी दोनदा गाडी चालू करा, दोन्ही रिमोटनी दारं आणि डिकी उघडा, पात्याने चालकाचं दार उघडा, आणि मगच पैसे द्या.